पुंजणी फिरव, मग काडी ओढ

जुन्नर,
दि. २२ सप्टेंबर

ती. बाईंना चेतनाचा शि. सा. नमस्कार आणि जय जिनेंद्र.

चातुर्मासभर फोनला हात लावायचा नाही आणि पेठची वेस ओलांडायची नाही असा नियम घेऊन तुम्ही लेकीकडे, रिंकूताईंकडे जाऊन बसलात, त्यामुळे तुमच्या सुनेला कॉलेजनंतर पहिल्यांदा पत्र लिहावं लागतंय. अक्षराला हसू नका. घरी सगळे बरे आहेत. बापूजी येईल त्या गिऱ्हाईकाला सांगतात, की आमची सून स्टीलच्या भांड्यांचं दुकान सोडून चिखलात जाऊन बसली. तक्रार करतात की कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही.

लेण्याद्रीच्या रस्त्यावरचं आपलं आवार शनिवार-रविवार भरून जातंय. जुन्नर बघायला आलेले पाहुणे लेणी बघून उतरले की आमच्याकडे येतात. सावळाराम कुंभार त्यांना चाकावर बसवतात. दिवाळी तोंडावर आली म्हणून सगळ्यांना पणत्याच करायच्या असतात. जो तो आपली पणती करतो, तिच्यावर नाव कोरतो, आणि ती भाजून आम्ही घरपोच पाठवायची असं ठरलंय. त्यासाठी येत्या पाच तारखेला, रविवारी, भट्टी पेटवावी म्हणते. चातुर्मास आहे हे ठाऊक आहे मला. रागावू नका.

खरं सांगू का, मला भीती वेगळीच वाटते. आवाराला लागून धर्माजींचा ऊस आहे. परवा त्यांच्या गोठ्यातली कालवड वाघाने ओढून नेली. दिवस कलला की मी पाहुण्यांची पोरं मोजत बसते. सावळाराम मला हसतात, आणि वर त्याच पोरांना गोष्टी सांगतात, की आमी ल्हान व्हतो तवा वाघाची चाहूल लागली का भट्टीच्या तोंडात शिरायचो, आन कुणी कितीबी हाका मारल्या तरी ओ द्यायचो न्हाई. पोरं आ वासून ऐकतात. मी म्हटलं, नका हो घाबरवू. तर म्हणे पावण्यांना त्येच लई आवडतं.

पुण्याहून पेठवरून माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडे हे पत्र देते. उत्तर त्याच्याकडेच द्या. तुमचा लोभ माझ्यावर थोडा कमीच आहे, आहे तेवढा तरी राहू द्या.

तुमची,
चेतना


पेठ,
दि. २६ सप्टेंबर

चि. सौ. चेतना हिला कस्तुरबाईचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू परवानगी मागतेस खरी, पण लोकांना तारीख देऊन मोकळी झालीस हे मी पहिल्या ओळीतच ओळखलं. विपुलपण लहानपणी असाच, आधी लाडू खायचा आणि मग घेऊ का म्हणून विचारायचा. दोघं एकमेकांना शोभता.

चेतना, चातुर्मासात भट्टी? पावसाळाभर थंड पडलेलं ते तोंड. आत काय काय येऊन राहिलं असेल, मुंग्या, कोळी, पाली, कुणाची अंडी, कुणाची पिल्लं. कोरडी जागा बघून विश्वासानं आलेले जीव गं ते. तुम्ही एक काडी ओढणार आणि टाळ्या वाजवणार. विचार केला तरी माझ्या अंगावर काटा येतो. तुला वाघाची भीती वाटते, मला त्या जाळाची वाटते. ती भट्टी पेटलेली मी काही डोळ्यांनी बघणार नाही, एवढं लिहून ठेव.

तू ऐकणार नाहीस हेही मला माहीत आहे. म्हणून टेम्पोवाल्याबरोबर नवी पुंजणी पाठवतेय. रोज सकाळी गॅस पेटवायच्या आधी शेगडीवर फिरवतेस ना, तशीच ही जीवजंतू हळूच बाजूला सारायची लोकरीची झाडणी, पण हिला लांब दांडा बसवून घेतलाय. ही भट्टीची. तिथंच खिळ्याला अडकव. आधी पुंजणी फिरव, मग काडी ओढ. वरवर नाही, गुडघे टेकून, हात पुरेल तिथवर. साडी मळली तर मळू दे. सावळाराम हसला तर त्याला म्हणावं, हसून घे आणि बाजूला हो.

मोजून घे पोरांना. त्यात काही चूक नाही. लोभ कमी आहे म्हणतेस, मग पुंजणी काय टेम्पोवाल्यावरच्या लोभानं पाठवली?

तुझी,
बाई


पेठ,
दि. ७ ऑक्टोबर

चि. चेतना,

आशीर्वाद सुद्धा धड लिहिता येत नाहीये, समजून घे.

काल संध्याकाळी रिंकूच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं, की जुन्नरला लेण्याद्री रोडवर पणत्या करायला आलेलं पोर वाघानं उसात नेलं. पणत्या म्हटल्यावर दुसरं कोण असणार? रिंकूनं तुला फोन लावला, तो बंद. विपुलला लावला तर तो म्हणाला, बाईंना सांग काळजी करू नका, आणि ठेवून दिला. काळजी करू नका असं माणूस कधी म्हणतो, ते मला कळतं. केस उन्हात नाही पांढरे केले मी.

रिंकूनं फोन माझ्या कानाला लावायला आणला होता. मी हात मागे घेतला. नियमामुळे घेतला असं तिला सांगितलं. खरं तर ऐकायचीच भीती वाटली. रात्रभर नवकार म्हणत बसले. पोर कुणाचं? आहे का? तू कशी आहेस? चार ओळी लिही, दोन लिही, पण खरं लिही.

घाबरलेली,
बाई


जुन्नर,
दि. ८ ऑक्टोबर

ती. बाई,

पोर आहे. सुखरूप आहे. आधी एवढं वाचा आणि पाणी प्या. वाघाने कुणाला नेलं नाही.

आता बाकीचं. विपुलना मीच गप्प राहायला सांगितलं होतं. हे माझ्याच हाताने तुम्हाला कळवायचं होतं, आणि तीन दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

रविवारी पंधरा-वीस पाहुणे होते. पणत्या भट्टीत वर रचून झाल्या होत्या. तोंड रिकामं होतं, दिवस मावळता मावळता सगळ्यांच्या देखत पेटवायचं म्हणून. पुण्याचा एक शौर्य, पाच वर्षांचा, दिवसभर सावळारामना चिकटून. त्याची आई नळावर हात धुवायला गेली. तेवढ्यात धर्माजी बांधावरून ओरडले, की उसात काहीतरी हललं, पोरं आत घ्या. मी पोरं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. शौर्य नाही.

बाई, त्याच्या आईने मारलेली पहिली हाक अजून माझ्या कानात आहे. जुन्नरमध्ये पोर दिसेना म्हटल्यावर कुणी दुसरीकडे बघतं का हो? जो तो उसाकडे धावला. विपुल, धर्माजी, पाहुण्यांमधले पुरुष, काठ्या घेऊन, बॅटऱ्या घेऊन, डबे बडवत. आवारात आम्ही बायका, बाकीची पोरं आणि सावळाराम उरलो. ते म्हणाले, वाघ डब्यांना बिचकून हिकडं फिरंल, भट्टी पेटवा, जाळ बघून लांब ऱ्हाईल. मलाही ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. त्यांनी उसाच्या पाचटाची कवळ उचलून भट्टीच्या तोंडाशी आणली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली.

मला तुमची आठवण आली असं लिहिलं असतं, पण खोटं कशाला लिहू? तुमची आली नाही, देवाचीही आली नाही. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी काडीच्या आधी हात पुंजणीकडे जातो, तसा तो गेला. सावळाराम माझ्यावर ओरडले, की ही काय येळ हाये का झाडलोट करायची. मी गुडघे टेकून हात आत घातला. पुंजणी मध्येच अडली. मऊ काहीतरी लागलं. गोणपाट असेल म्हणून मी जरा ढोसलं, तर ते मागे सरकलं.

मी बॅटरी मारली. आत दोन डोळे चमकले. वाघ, वाघ म्हणून मी किंचाळले. वाघच आत बसलाय असं वाटलं मला. सावळाराम ओरडायला लागले, पेटवा, पेटवा. बाई, मी काडी ओढली होती. माझ्या बोटात काडी जळत होती. आणि मग त्या डोळ्यांखाली मातीने माखलेलं एक बोट दिसलं, ओठांवर ठेवलेलं. तो मला गप्प बसायला सांगत होता.

काडी कुठे पडली ते आठवत नाही. बोट भाजलंय. त्याला ओढून बाहेर काढलं तर म्हणाला, काकू, बोलू नका, वाघ ऐकेल. त्याची आई इतक्या हाका मारत होती, तरी त्याने ओ दिली नव्हती. सावळारामनी सांगितलं होतं ना तसंच केलं होतं त्याने, अगदी शहाण्यासारखं.

आई त्याला घेऊन गेली. जाताना नुसता माझा हात दाबला. सावळाराम घरात पडून आहेत, जेवत नाहीत. मी गॅस पेटवत नाही, पेटवता येत नाही. काडी बघितली की ते ओठांवरचं बोट दिसतं. तीन दिवस विपुलच स्वयंपाक करतायत. पुंजणीने पोर वाचलं, तुम्ही वाचवलंत. मला आता काही नको. सावळाराम उठले की कच्च्या पणत्या पाण्यात टाकून त्यांचा पुन्हा चिखल करायला सांगणार आहे आणि आवाराला कुलूप लावणार आहे. शौर्यच्या आईचा आज मेसेज आला, की तो विचारतोय, माझी पणती झाली का. मी फोन पालथा ठेवला.

तुम्ही चातुर्मासात नको म्हणाला होता. माझं चुकलं. मिच्छामि दुक्कडम्. लोभ ठेवाच असं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही.

चेतना


पेठ,
दि. १० ऑक्टोबर

चि. सौ. चेतना, माझ्या बाळा, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता मी खाली बसले. रिंकूला वाटलं मला काही झालं. ते ओठांवरचं बोट माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. काल जेवण गेलं नाही. घाबरलेली तू एकटी नाहीस, एवढं आधी ऐक.

दुसरं, मला देवी करू नकोस. मी पुंजणी मुंग्यांसाठी पाठवली होती, कोळ्या-पालींसाठी. तिथं माणसाचं पोर असेल हे माझ्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. मी तिथं असते तर पोर हरवलंय म्हटल्यावर मीही पुंजणी टाकून उसाकडे पळाले असते. तू गुडघे टेकलेस. काडी हातात असताना तू बघितलंस. वाचवलं असेल तर तुझ्या हातानं, आणि त्याच हाताला तू घाबरून बसलीस.

पणत्या पाण्यात टाकायच्या नाहीत. इतक्या माणसांनी नाव कोरून तुझ्यावर सोडल्यात त्या. त्या पोराला एकदा भट्टीतून बाहेर काढलंस ना, आता त्याची पणती कच्ची ठेवून त्याला काय सांगणार, काकू घाबरल्या?

मी उद्याच्या टेम्पोनं येतेय. हो, वेस ओलांडून. नियम दिलेल्या साध्वी महाराजसाहेबांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या आणि मला त्यांचंही मन मोडावं लागलं असतं. दोन दिवसांनी परत येऊन पाया पडेन आणि देतील ते प्रायश्चित्त घेईन. सावळारामला म्हणावं, कस्तुरबाई येतेय, उठून अंघोळ कर आणि पाचट कोरडं ठेव. विपुलला म्हणावं, आवाराला कुलूप आणलं असशील तर दुकानात परत दे.

ती भट्टी डोळ्यांनी बघणार नाही असं मी लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक. पुंजणी मी फिरवीन, आडवी पडून, पार शेवटच्या विटेपर्यंत. बॅटरी तू धर. दोनदा बघू, तीनदा बघू, तुझं मन भरेल तोवर बघू. मग काडी तूच ओढायची. भीती वाटेल. मलाही वाटेल. मी तुझा हात धरीन, आणि दोघींच्या हातानं पेटेल ती.

मिच्छामि दुक्कडम् मलाही म्हणू दे. तू लिहिलं होतंस भीती वाटते म्हणून, आणि मी तुला मुंग्यांचं सांगत बसले. लोभ मी कधी मागत नाही, सासूनं मागायचा नसतो. आज मागते. असू दे.

तुझीच,
बाई

ता. क. मी येईन तेव्हा गॅसवर चहा झालेला असू दे. तू पेटवलेल्या गॅसवरचा. नाही जमला तर मी बिनचहाची बसेन, पण विपुलच्या हातचा पिणार नाही.