अकरा अक्रोड, नऊ-नऊ मीटरवर

१० फेब्रुवारी, मंगळवार
शेवटी मिनेवने मान्य केलं, पार्क मी आखायचा. तेव्हा तो फोनवर बोलत होता. पण हाताने केलेली खूण मलाच होती, आणि ती 'जा' अशी नव्हती, 'करा' अशी होती. हे मी नीट पाहिलं.

मिनेव म्हणजे आमच्या चार नव्या इमारती बांधणारा बिल्डर. वय अडतीस, डिग्री व्हिएन्नाची. इमारती आणि ओढा यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत 'पार्क' म्हणून त्याने नकाशावर काय दाखवलं होतं? एक लांबट हिरवा डाग. बघून शिसारी आली. मी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट आणि मजला यांच्यात चार मिलिमीटरचा फरक मी कधी खपवून घेतला नाही. बागांचं शास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. लायब्ररीतली अकरा पुस्तकं वाचली, त्यातल्या सातांमधल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून परत केली. लायब्ररीवाल्या बाईने दंड लावला. असो.

अट एकच. ३ एप्रिलला नगरपालिकेचा माणूस येणार. त्या दिवशी वाट आखलेली आणि झाडं जमिनीत उभी दिसली, तर पट्टी कायमची पार्क. नाहीतर तिथे सेहेचाळीस गाड्यांचं पार्किंग.

बावन्न दिवस. मला तीस पुरतात.

१३ फेब्रुवारी
प्लॅन पूर्ण. वाट दोनशे बारा मीटर, रुंदी एक मीटर ऐंशी. दोन बाया ढकलगाड्या घेऊन समोरासमोर आल्या तरी भांडण होणार नाही, हे मोजून काढलंय. वाटेच्या मधल्या नव्वद मीटरांत, कडेने अकरा अक्रोड, बरोबर नऊ-नऊ मीटरवर.

नेदेल्का म्हणाली, अक्रोड कशाला, लिंडन लाव की. मी म्हटलं, लिंडन सगळेच लावतात. ती म्हणाली, हो, आणि का लावतात त्याचा जरा विचार कर. बायकोचा बागकामाशी संबंध फक्त पार्स्ली चिरण्यापुरता.

४ मार्च
रोपं आली. अकरा. उंची दोन मीटर, खोडाची जाडी तीन सेंटिमीटर. सुंदर.

मेतोदी, मजुरांचा मुकादम, त्याने अकरा खड्डे खणले. ऐंशी बाय ऐंशी, कोपरे काटकोनात. मी खूश. म्हटलं, आता लाव. तर फावडं टेकून उभा. म्हणे, मास्तर, खड्डा म्हणाल तर इथून ग्रीसपर्यंत खणून देतो, पण अक्रोड नाही लावणार. मला तीन पोरी आहेत. बाकीचे चौघे सिगारेटी पेटवून ओढ्याकडे बघत राहिले.

आता हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. अक्रोड जो लावतो, त्याच्या मानेइतकं खोड जाड झालं की तो माणूस जातो. मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते हिशेबात धरलं नव्हतं.

मी मेतोदीला विचारलं, मग देशभर एवढे अक्रोड उभे कसे? तो म्हणाला, कावळ्यांनी लावले. किंवा म्हाताऱ्यांनी. तुमच्यासारख्या शहाण्यांनीही लावले असतील, पण ते आता भेटत नाहीत.

चौघेही हसले. एकविसावं शतक! किळस आली.

५ मार्च, सकाळी ७
ठरलं. स्वतः लावणार. एकेक झाड वीस मिनिटं. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा.

५ मार्च, संध्याकाळी
पाठ धरली. खड्ड्याच्या काठापर्यंत गेलो होतो, पहिलं रोप हातातही घेतलं होतं. तेवढ्यात कमरेच्या वर, डावीकडे, कळ आली. अंधश्रद्धेशी काही संबंध नाही. कळ खरी होती.

६ मार्च
केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून हिशेब केला. माझ्या मानेचा घेर एकेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे आडवी जाडी तेरा. रोप आज तीन. अक्रोड वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दहा वर्षं. मी छप्पन. छप्पन आणि दहा, सहासष्ट.

पेन्शन चालू होऊन जेमतेम दीड वर्ष.

हा हिशेब कशासाठीच नाही. कागद जपून ठेवला.

८ मार्च, रविवार
महिला दिन. नेदेल्काला आणि सासूबाईंना फुलं. सासूबाई, त्सोना, वय चौऱ्याऐंशी, गेली सहा वर्षं आमच्याकडे राहतात. फुलं हुंगून म्हणाल्या, जावईबापू, एवढा मोठा पार्क करतोस आणि फुलं दुकानातली?

जेवताना त्यांनी विचारलं, मान का सारखी मागेपुढे करतोस, कबुतरासारखी? सांगितलं, पाठीसाठी व्यायाम आहे. याने मान भरते असं एका पुस्तकात आहे. तो हेतू नाही.

११ मार्च
रोपवाटिकेला फोन. विचारलं, सावकाश वाढणारी जात आहे का? त्या माणसाने विचारलं, किती सावकाश? म्हटलं, शक्य तितकी. तो म्हणाला, मग प्लास्टिकचा घ्या. आपल्याकडे गिऱ्हाइकाशी बोलायची रीतच राहिली नाही.

रोपं गॅरेजमध्ये आहेत, मुळं ओल्या गोणपाटात. तो म्हणे, कळ्या फुटायच्या आत जमिनीत गेली नाहीत तर विसरा.

१७ मार्च
युक्ती. पहिलं झाड समारंभाने मिनेवच्या हातून. फोटोग्राफर बोलावला, रिबीन आणली. मिनेव चकचकीत बूट घालून आला, फावडं उचललं, फोटोसाठी हसला. मग हसत हसतच विचारलं, कसलं झाड आहे, स्पासभाऊ? मी म्हटलं, अक्रोड. त्याने फावडं इतक्या हळू खाली ठेवलं की जणू ते झोपलेलं मूल. म्हणाला, एक महत्त्वाचा फोन करायचाय. गाडीत बसून फोन करत करत गेला. शहरापर्यंत.

व्हिएन्ना! पाच वर्षं! वीट आला मला या देशाचा.

२० मार्च
तांत्रिकदृष्ट्या पाहता 'लावणं' म्हणजे काय? माणसाने हाताने झाड खड्ड्यात उभं करणं. झाड स्वतः पडलं तर ते लावणं नव्हे.

म्हणून पहिलं रोप खड्ड्याच्या काठावर असं टेकवून ठेवलं की वाऱ्याने आत जाईल. मी दुसऱ्या इमारतीच्या खांबामागे. एवढंसुद्धा वारं नाही. चाळीस मिनिटं. मग एक कुत्रा आला, त्याने रोपावर जे करायचं ते केलं आणि गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून विचारलं, कुणाची वाट बघताय, शेजारी? म्हटलं, वाऱ्याची. तिने खिडकी लावून घेतली.

२२ मार्च, रविवार
आज कळस झाला. कुणालातरी करकोचा दिसला. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की १ मार्चला मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा सोडून झाडाला बांधायचा, हे ठीक. पण आमच्या वसाहतीत झाडच नाही! मग लोकांनी काय केलं? माझ्या खुंट्यांना बांधले. वाट आखायला चोपन्न खुंट्या मी तीन दिवस दोरी लावून ठोकल्या होत्या. आता प्रत्येकीला दोऱ्यांचे झुबके, आणि बांधताना ओढाताण होऊन सात खुंट्या उखडल्या. वाट ओढ्याकडे सदतीस सेंटिमीटर सरकली.

मी खाली जाऊन ओरडलो. एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, शेजारी, तुम्ही झाडं लावा, आम्ही झाडांना बांधू.

२३ मार्च
खुंट्या पुन्हा ठोकल्या.

२८ मार्च
सकाळी दोन माणसं आली, पांढऱ्या रंगाचा डबा आणि लांब पट्टी घेऊन. पार्किंगच्या रेघा कुठून मारायच्या ते बघायला. माझ्या वाटेवर उभे राहून! मी म्हटलं, अजून सहा दिवस आहेत. ते म्हणाले, हो, आम्ही फक्त बघतोय. आणि बघत बघत त्यांनी सहा ठिकाणी ठिपके मारले.

वाईट याचं वाटलं की शेजारी खूश होते. एकजण म्हणाला, स्पास, तुझा पार्क झकास आहे, पण माझी गाडी पार्कमध्ये बसते, आणि पार्क गाडीत बसत नाही. कुणी हसावं असं यात काहीच नव्हतं. सगळे हसले.

गॅरेजमध्ये तीन रोपांच्या कळ्या टपोरल्या आहेत.

३० मार्च, सोमवार, रात्रीचं जेवण
सासूबाईंनी विचारलं, पार्कवाले, तोंड का उतरलंय? नेदेल्काने सगळं सांगून टाकलं. वाऱ्याची गोष्टसुद्धा. ती कुठून कळली कोण जाणे.

सासूबाई इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. मग म्हणाल्या, आण तुझी टेप, माझी मान मोज.

मी मोजली. केवळ त्या हट्टाला पेटल्या म्हणून. एकतीस सेंटिमीटर. आडवी जाडी दहा. दहातून तीन वजा, सात वर्षं.

सात? म्हणाल्या. डॉक्टर मला दोन देतो, तेही मीठ सोडलं तर. तुझं झाड डॉक्टरपेक्षा भलं दिसतंय. उद्या माझे रबरी बूट काढून ठेव.

मी स्पष्ट नकार दिला. तत्त्व म्हणून. दुसऱ्यांदाही दिला. तिसऱ्यांदा दिला नाही, कारण सूप गार होत होतं.

३१ मार्च
लावली. अकराही.

मेतोदीने स्वतः हात धरून सासूबाईंना खड्ड्यांपर्यंत नेलं, मजूर टोप्या काढून उभे. सासूबाई झाड धरायच्या, मजूर माती लोटायचे, मग त्या बुटाने माती दाबून झाडाला काहीतरी सांगायच्या. काय सांगता म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, तुझ्याबद्दल नाही, घाबरू नकोस.

चौथ्या झाडाशी पहिल्या इमारतीतल्या दोन आज्या आल्या. त्यांनाही लावायचं होतं. एकीचा दावा असा की ती सत्याऐंशीची आहे, तेव्हा पहिला मान तिचा. सासूबाई म्हणाल्या, रांगेत या. भांडण झालं. शेवटी त्या दोघींना झाडाला हात लावायची परवानगी मिळाली, झाड लावायची नाही. तोपर्यंत वरून कुणीतरी गरम, चीज भरलेली बनित्सा आणली, कुणी राकियाची बाटली. गाडीवाला शेजारी खुर्च्या घेऊन आला.

आणि अंतरं! मी दोरी धरली होती. सासूबाईंनी दोरी ओलांडून झाडं लावली. म्हणे, झाडाला बरं कुठे वाटतं ते दोरीला काय कळतं. आठ चाळीस, नऊ सत्तर, आठ पंच्याण्णव. पाचवं तर दोन मीटर आत, कारण आखलेल्या जागी त्याची सावली एका बाईच्या वाळत्या कपड्यांवर पडली असती. ऐंशी बाय ऐंशीचा खड्डा बुजवून मेतोदीने तिथे नवा खणला. वाकडा. लगेच. माझं इतकं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

सबंध ओळ पाहवत नाही. मान वळवून जिना चढलो.

३ एप्रिल, शुक्रवार
नगरपालिकेचा माणूस आला. झाडं मोजली. मी प्लॅन उलगडला, त्याने त्यावर आपली कॉफी ठेवली. विचारलं, अक्रोड कुणी लावले? सगळ्यांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्याने टोपी काढून त्यांचा हात हातात घेतला, आणि फॉर्मवर 'लागवड' या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. मी विचारलं, 'नियोजन' असा रकाना? तो म्हणाला, असा रकाना नसतो.

पट्टी पार्क म्हणून मंजूर. पार्किंग रद्द. मिनेवने सासूबाईंचे दोन्ही गाल चुंबले.

१९ एप्रिल
रहिवाशांची सभा. पार्क समितीच्या अध्यक्ष त्सोना आजी, एकमताने. मला पाणी घालायचं काम. मी म्हटलं, माझं क्षेत्र नियोजन आहे. सासूबाई म्हणाल्या, मग पाण्याचं नियोजन कर, जावईबापू.

पुस्तकाप्रमाणे दर झाडाला आठवड्याला दोन बादल्या.

२८ एप्रिल
एकेक बादली घातली. पाण्याची बचत ही काळाची गरज आहे.

६ मे
अर्धी बादली. मुळांनी स्वतः पाणी शोधावं, खोल जावं, असंही एक मत आहे. कुठल्या पुस्तकात ते आठवत नाही.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. आवाज आला, अरे, पाणी चोरतोस काय माझ्या झाडांचं? मी शास्त्र समजावलं. त्या म्हणाल्या, पूर्ण घाल रे. मला सावली हवीय, उरलेली वर्षं नकोत मोजून. आणि मीठ घातलेले शेंगदाणे खात राहिल्या.

पूर्ण घातली. त्या बघत होत्या म्हणून.

१९ मे
सर्व झाडांची व्हर्नियरने मोजणी. एक ते आठ, तीन सेंटिमीटर, वाढ नाही. दहा आणि अकरा, तीन. नववं झाड तीन पूर्णांक दोन. सात आठवड्यांत दोन मिलिमीटर. पुन्हा मोजलं. तेवढंच. दहातून तीन पूर्णांक दोन वजा, सहा पूर्णांक आठ. वर नवी पाच पानं, तळहाताएवढी, चकचकीत.

रोपवाटिकेने काम चोख केलंय. एकही रोप मेलं नाही.

शी.