बँडसाठी शहर मी निवडले

३ मार्च, रविवार
ऐतिहासिक दिवस. गालिनच्या गॅरेजमध्ये मीटिंग झाली. आमच्या बँडने (गिटार गालिन, ड्रम आणि गळा रादोस्तिना, बेस मी) हे गाव सोडायचं ठरवलं. बरोबरच आहे. गेल्या कार्यक्रमाला अकरा श्रोते होते, त्यांतले चार नातेवाईक. एखादं मध्यम शहर हवं, जिथे लोक गाणं ऐकायला घराबाहेर पडतात.
गालिन म्हणाला, "मेतो, शहर तू निवडायचंस. तुझ्याइतकं बारकाईने कोण बघणार?"
रादोस्तिना म्हणाली, "हो मेतोदादा, तुम्हीच." आणि ड्रमचे स्क्रू आवळत बसली. भारावली असावी.
पाहणी रविवारी. प्रॅक्टिसही रविवारीच असते, पण गालिन म्हणाला, तू नसलास तरी चालेल, तुला सगळं पाठ आहे. एकतीस वर्षांच्या मैत्रीत इतकं कौतुक त्याने कधी केलं नव्हतं.
संकल्प: घाई करायची नाही. दहा निकष, प्रत्येकी दहा गुण.

१० मार्च, रविवार
पहिलं शहर रुसे. दोन क्लब पाहिले. दोन्ही बंद. रविवारी दुपारी बंद ठेवणाऱ्या शहराला संगीताची कदर नाही. नदी रुंद आहे, पण नदीला गुण नाहीत. नाश्त्याची चीजची बानित्सा तेलकट. एकूण ४३.

१७ मार्च, रविवार
प्लोवदिव. इथे उलट. चारला एका तळघरात लोक उभे राहून ऐकत होते. स्टेज सगळ्यांना मोकळं, ज्याला वाटेल त्याने वाजवावं. एक टकलू डेंटिस्ट बेस वाजवत होता. दोन गाणी ऐकली, मग डोकं दुखायला लागलं, बाहेर पडलो.
निष्कर्ष: कलाकार फार झालेत. वातावरण निकोप नाही. एकूण १९. बाद.
फोनवर गालिनला कळवलं. तो म्हणाला, "प्लोवदिव बाद? नक्की ना? तू तिथे पुन्हा जाणार नाहीस?" म्हटलं, अजिबात नाही. "मग वार्ना बघ की. चांगले दोन दिवस लाव." किती मोकळा होऊन बोलला! निर्णयाचं ओझं माणसाला आतून खातं, मी ते उचललंय.

१९ मार्च, मंगळवार
एल्का नको ते प्रश्न विचारते. तू रविवारी गावाबाहेर, मग गॅरेजमध्ये बेस कोण वाजवत होतं? बेकरीतून गालिनच्या आईकडे पाव द्यायला गेली होती, तेव्हा ऐकलं म्हणे.
तिला समजावलं: गॅरेजला पत्रा आहे. मोठा ड्रम पत्र्यावर घुमला की बेससारखाच भास होतो.
ती म्हणाली, "भास सुरात होता."
बायको आहे, बँडची माणूस नव्हे. ध्येयाला घरातूनच दगा होतो.

१ एप्रिल, सोमवार
वार्ना दोन दिवस. धुकं. समुद्र दिसला नाही, ऐकू आला. ६१.
परत आलो तर माझा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या जिन्यात. गालिन स्वतः पोचवून गेला. गॅरेजमध्ये ओल येते म्हणाला. तीन मजले एकट्याने चढवला, पाठीचा त्रास असताना. असा मित्र लागतो.
एल्का म्हणाली, "केबलसुद्धा गुंडाळून दिलीय."
म्हटलं, बघ, किती काळजी.

१४ एप्रिल, रविवार
सापडलं! स्तारा झागोरा. रस्ते सरळ, झाडं भरपूर, ऑपेरा आहे, आणि मी गेलो तेव्हा एकही बेसवाला भेटला नाही. ८८. चौदा पानांचा अहवाल दोघांना पाठवला. गालिनसाठी बाल्कनीचा फ्लॅटही हेरून ठेवलाय.
रादोस्तिनाने अंगठा पाठवला. गालिन वाचत असावा.

१५ एप्रिल, सोमवार
पाणीपुरवठ्याच्या कचेरीत राजीनामा दिला. अठरा वर्षं लोकांच्या तळघरांत वाकून मीटर वाचले. पुरे. साहेबांनी लगेच सही केली. थांबा म्हणतील असं वाटलं होतं, पण कलाकाराला अडवू नये एवढं त्यांना कळतं.
एल्काला सांगितलं. तिने ताट हातातून खाली ठेवलं, म्हणाली, "आधी गालिनशी बोल." रागाने नव्हे. राग परवडला असता.

२८ एप्रिल, रविवार
गालिन दोन आठवडे फोन घेत नाही. शेवटी घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. मला बघून तिने ओठ चावला.
"अरे मेतो, ते दोघे गेले की रे. प्लोवदिवला. मागच्या शनिवारी टेम्पो आला होता. तुला ठाऊक नाही?"
घरी येऊन अहवाल पुन्हा पाहिला. तक्ता पान तीनवर आहे. उलटा धरून वाचला तर प्लोवदिव सगळ्यात वर येतं. तेच झालं असणार.

५ मे, ईस्टर
गैरसमज दूर करायला प्लोवदिवला गेलो. तेच तळघर. दारावर पोस्टर, त्यावर आमच्या बँडचं नाव. बेसवर आखूड केसांची एक उंच बाई.
गालिनने मला पाहिलं. गाणं संपल्यावर खाली आला. म्हटलं, तक्ता तू उलटा वाचलास.
तो म्हणाला, "मेतो, तक्ता मी वाचलाच नाही."
मग जमिनीकडे बघत बोलला. "तू ताल सोडतोस रे. पहिल्यापासून सोडतोस. रादोस्तिना म्हणायची, तूच सांग. मला नाही जमलं. तुला शहर बघायला पाठवलं, म्हटलं तेवढ्यात काहीतरी सुचेल."
"मार्चमध्येच सांगायचंस. मी नोकरी सोडली."
"सांगणारच होतो. पण तू इतका खूश होतास."
त्याला स्टेजवरून हाक आली. तो गेला. मी मागे उभा राहून आणखी चार गाणी ऐकली. आमचीच गाणी. चुकायची वाट बघत होतो. चुकले नाहीत. बँड चांगला आहे. बाहेरून मी तो आजवर ऐकलाच नव्हता.

७ मे, मंगळवार
राजीनामा मागे घ्यायला कचेरीत गेलो. जागा भरली. साहेबांनी चहा मागवला, बराच वेळ ढवळला. म्हणाले, मेतोदी, तुमचे आकडे नेहमी जरा पुढे-मागे असायचे. लोकांच्या तक्रारी यायच्या. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही इतके मन लावून काम करायचात.
घरी आलो. एल्काला विचारलं, तुलाही मला काही सांगायचं आहे का?
ती म्हणाली, "आधी जेवून घे."