छातीला चढाची सवय

४ नोव्हें.
घरी बसून तिसरा आठवडा. कंपनीत लाइनवर वायरी जोडताना छाती फडफडली, खाली बसले, तेव्हापासून चाकणची बस नाही की डबा नाही. आज डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले. वाहिन्या मोकळ्या, पंपिंग ठीक, फक्त ठोके मधूनच आडवेतिडवे. म्हणाल्या, "झोपून राहू नका. रोज थोडाच ताण द्या, मग विश्रांती. हृदय ताणाला सरावतं. मग कधी धावपळ झाली तरी ताल सहजी सुटत नाही." गोळी चालूच.
परतताना ह्यांनी गाडी अगदी हळू चालवली.

६ नोव्हें.
कासारवाडी स्टेशनपर्यंत चालले. हे मागून गाडीवर, माझ्याच वेगाने. म्हटलं, "वरात काढलीय का?" हसले नाहीत. ह्यांचे थोरले भाऊ कंपनीच्या गेटवरच गेले, छाती धरून. कळतं मला. पण...

१५ नोव्हें.
स्टेशनचा पूल चढले. वर धडधड, मग एक ठोका गायब, मग परत. आधी अशा वेळी घाबरायचे, अन् घाबरले की जास्तच उडायचं. आज कठडा धरून उभी राहिले. गेलं. बाईंना फोन. "चक्कर, अंधारी नाही ना? मग चालू ठेवा. आली तर मात्र लगेच थांबायचं."

२ डिसें.
कंपनीचा फोन, ह्यांनीच उचलला, स्पीकरवर: बसून करायचं काम देतो, या. मी काही बोलायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं, "ती राजीनामा देतेय." वाटलं, आता उडणार छाती. नाही उडाली. फोन हातात घेतला, म्हटलं, "सोमवारी येते."
हे जेवले नाहीत. मी जेवले.

१३ डिसें.
परत मशीन लावून तपासलं. चुकणारे ठोके बरेच कमी. संपलेत असं नाही. बाई खूश, मीही.

१४ डिसें., रवि.
घोरावडेश्वरचा डोंगर. लेण्यांपर्यंत जायचं ठरवलेलं. हे सोबत, "तुला काही झालं तर" म्हणून. मी दमाने चढत होते, थांबत, परत चढत. अर्ध्यावर मागे पाहिलं तर हे पायरीवर बसलेले, घामाने शर्ट ओला, बोलताही येईना. पाणी दिलं. धाप ओसरायला बराच वेळ लागला.
"उद्या बाईंकडे तुमचा नंबर लावते."
"मला काय झालंय?"
"काही नसेलही. बघू तर."
वर लेणी दिसत होती. गेले नाही, शेजारी बसले. छाती माझी शांत. ह्यांनी उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाले, "किती वाजता जायचं?"