जोत्यातली काळी वाळू

१४ मार्च, दुपार

चिरंजीव धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माळा आवरताना दोन कड्यांची ती टोपली सापडली आणि तू डोळ्यांपुढे आलास, नाक ओढत, एका कडीला लोंबकळलेला. बाबा या घराचं जोतं भरत होते. "पांढरी वाळू वाऱ्यानं उडते. काळी जड, ती घर धरून ठेवील," म्हणायचे. शाळेतून आलो की आपण ओहोटीच्या रेघेवरची काळी वाळू खरवडून आणायचो. तू बुटका, टोपली तुझ्याकडे कलायची, म्हणून मी वाकून चालायचे. आई ओरडायची, "अगं, अशानं म्हातारी होशील!" झाले बघ.

इकडे बरं आहे. खोकला आहे तसाच. डॉक्टर भला माणूस आहे, रिपोर्ट वाचून झाला की माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघतो. ते असो.

तुझ्या वाळूच्या कंपनीच्या इथल्या फाटकाला कुलूप लागलंय. परवा तिथला पहारेकरी पाणी मागायला आला, तेव्हा मी विचारलं, "एवढी यंत्रं आणलीत, मग गेलात का?"

"बाई, काळी वाळू म्हणजे पांढरा रंग बनवणाऱ्या कारखान्याचा कच्चा माल. भाव चढला म्हणून आलो. पण डोंगराएवढी वाळू उपसून मूठभर काळी निघायला लागली, तर डिझेलचे पैसे तरी सुटायचे कुठून? तुमच्या अंगणातल्या नमुन्यानं साहेबांना वेड लावलं!"

मी त्याला पाणी दिलं.

धाकट्या, तेव्हा तू कंपनीत नवा होतास. गल्लीत कुणी नमुन्यासाठी अंगणात भोक पाडू देईना, तर तूच म्हणालास, "आमच्यात पाडा." नळी जोत्याला लागून खाली उतरली आणि काजळासारखी वाळू घेऊन वर आली. त्या एका नमुन्यावर साऱ्या गल्लीचा हिशेब मांडला गेला. लोकांनी कंपनीला घरं लिहून दिली. घरं पाडली, आणि खाली निघाली नुसती पांढरी. खणत खणत आपल्या दारापर्यंत यायच्या आत कंपनीनं अंग काढून घेतलं, म्हणून आपलं तेवढं उभं आहे. खड्ड्यातून आता समुद्र आत येतो.

ती वाळू जमिनीतली नव्हती, बाबांनी भरलेली होती. तुला ते कधी आठवलं, हे मी विचारणार नाही. पण तू बदली मागून घेतलीस, आणि आई गेली तेव्हाही उंबऱ्याबाहेरूनच परतलास. मला कळायचं ते कळलं. कुणाला बोलले नाही. आपले गणवेश शिवायची ती शिंपीणकाकू आता गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत राहते. मला म्हणते, "तुझ्या भावानं नाव काढलं हो! आमचंच नशीब फुटकं." मी मान हलवते. ते मान हलवणं आता होत नाही रे.

शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या, पत्रात मुद्द्याचं आधी लिहावं. माझं शेवटीच आलं. पुढची मोठी भरती बघायला मी नसेन.

माझी पुस्तकं शाळेला दे. आईचं घड्याळ तुझ्या लेकीला. ते पुढे धावतं, धावू दे. भांडी पहारेकऱ्याला, तो बिचारा एकाच डब्यात सगळं शिजवतो.

आणि जोतं उकर. काळी वाळू शिंपीणकाकूच्या दारात टाक, भरती आत येते तिथे. पुरणार नाही, माहीत आहे मला. तरी ठेकेदाराला विकू नकोस, ट्रक लावू नकोस. टोपली दाराशी ठेवली आहे.

काकू विचारेल, "हे काय रे?" तेव्हा तिला सगळं सांग. आधी शिव्या देईल, मग बहुतेक दुसरी कडी तीच धरेल. वयानं फार बुटकी झाली आहे ती.

तू वाकून चाल.

तुझी,
ताई