नुसतं पाणी

९ फेब्रुवारी, रविवार

ऑस्मोचा फोन. तीन वर्षांनी! सख्खा भाऊ म्हणायचा — नाताळचं कार्डसुद्धा त्याची लेक सातू लिहिते, हा खाली नुसतं नाव खरडतो. आज एकदम गोडीत. "तैमी, मार्चमध्ये जाऊ या का बर्फावर? गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकू. तू आणि मी, दोघंच."

डोळे चाललेत त्याचे. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग, कडेकडेनं काय दिसेल तेवढंच. गाडी चालवणं बंद. एप्रिलमध्ये घर विकून सातूकडे हेलसिंकीला जाणार. "शेवटचीच खेप समज. आणि हे बघ, तळं तू निवड."

तळं मी निवडायचं! सत्तरी ओलांडल्यावर आठवलं याला. सांगते म्हटलं आणि ठेवून दिला.

१० फेब्रुवारी

सकाळपासून धुमसतेय. कॉफी उतू गेली, तिच्यावरही ओरडले.

मी दहा वर्षांची, ऑस्मो चौदाचा. हिवाळ्यात दर रविवारी बाबा आणि तो स्की चढवून निघायचे. मीही माझ्या स्की घेऊन दारात उभी. "मुलींचं काम नाही ते." दर रविवारी बाबांचं तेच वाक्य! आणि दर रविवारी मी पुन्हा उभी. दिवस मावळताना परत यायचे. पिशवीतले पर्च बाबा माझ्यापुढे टेबलावर ओतायचे. साफ कर. काळेकुट्ट मासे, अंगावरचे पट्टेसुद्धा दिसायचे नाहीत. पाठीचे काटे बोटांत घुसायचे, थंड पाण्यानं हात लालभडक. ऑस्मो चुलीपाशी पाय शेकत गरम दूध प्यायचा. लढाई मारून आल्यासारखा.

तळं कुठलं, ते कधी कळलं नाही. विचारायची सोयच नाही ना! आमच्याकडे माणसाला पगार विचारता येईल, बायको का सोडून गेली तेही विचारता येईल, पण मासे कुठे लागले हे विचारायचं नाही. परक्याला नाही, बापाला नाही, भावालाही नाही. सांगितलं तर ऐकून घ्यायचं. मला कुणी सांगितलं नाही.

त्र्याऐंशी साली बाबा गेले. तळं ऑस्मोकडे गेलं. माझ्याकडे मासे साफ करायची सुरी आली. अजून आहे. धारही आहे.

१४ फेब्रुवारी

तळी काय, आमच्या दारातून थुंकलं तर तळ्यातच पडेल. निवडायचं म्हणजे नाकारतच जायचं.

कोइवुयार्वी — काठावर शहरवाल्यांच्या कॉटेजी. बर्फावर मोटारी घेऊन मिरवतात. नको.

रिस्तियार्वी — दर आठवड्याला स्पर्धा. दीडशे माणसं आणि दीड मासा.

हाउकियार्वी — पाण्यात हवा सोडायचं यंत्र बसवलंय. वरून बर्फ छान दिसतो, खालून पोकळ. अर्धवट दिसणाऱ्या माणसाला तिथे न्यायचं? (क्षणभर वाटलं, का नाही! काय लिहितेय मी हे. लिहिलंय तर राहू दे.)

सुओलम्पी — त्याला तळं कोण म्हणेल? दलदलीतलं डबकं, पाणी काळ्या कॉफीसारखं. टपाल वाटताना तीस वर्षं रोज त्याच्यावरून गेले. बाबा तर नाव काढलं तरी नाक मुरडायचे. "तिथे काय आहे? नुसतं पाणी." काट.

१९ फेब्रुवारी

बाजारातून पर्च आणले. फिकट हिरवे, पट्टे लख्ख. लोण्यात परतले. चव कशाशी खातात ते या माशांना ठाऊक नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

विचारलं! एकोणसत्तर वर्षांची झाले आणि आज विचारलं.

"ठरलं का तळं?" ऑस्मो.

"ठरलं. बाबांचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"ते नको गं, तैमी. दुसरं कुठलंही सांग."

"मग तुझा तू जा." माझा आवाज चिरकला. "आता तुला गळसुद्धा दिसत नाही, तरी ते उराशी धरून बसणार? थडग्यात नेणार आहेस का?"

मग म्हणाला, "बरं. नेतो."

फोन ठेवल्यावर कपाटातून सगळे स्वेटर काढले. कुठला घालायचा यावर तासभर घालवला, लग्नाला जायचं असल्यासारखा!

२ मार्च, रविवार

क्रमानं लिहिते, नाहीतर शिव्याच लिहीन.

साडेआठला त्याला घेतला. थर्मास, काळा पाव, बाबांचं जुनं गिरमिट डिकीत. गळ्यात टोचे अडकवले — बर्फ फुटला तर धरून वर यायला — त्याच्याही गळ्यात मीच घातले. तो वाट सांगणार, मी गाडी हाकणार. "लाकडाची गिरणी गेली का? मग उजवीकडे... बहुतेक." सगळंच बहुतेक. उत्तरेला, माझ्या टपालाच्या हद्दीबाहेर, वीस-बावीस किलोमीटर. शेवटी एक लांबडं तळं. "हेच."

मी सुंदर म्हटलं. खरंच म्हटलं!

पहिलं भोक मी पाडलं. अर्धा तास — काही नाही. दुसरं. पाचवं. ऑस्मो स्टुलावर बसून गळ हलवत होता आणि पाहत होता भलतीकडेच. बारावं भोक पाडताना गिरमिट फिरवता फिरवता थांबले. बावीस किलोमीटर. आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती. स्कीवर इथवर येऊन, मासे धरून, दिवस मावळायच्या आत घरी?

"ऑस्मो. हे बाबांचं तळं नाही."

तो गळ गुंडाळायला लागला.

"आजसुद्धा! आजसुद्धा लपवतोयस? हरामखोर आहेस तू!"

"मला माहीत नाही गं ते कुठे आहे."

"खोटं!"

"मला कधी नेलंच नाही त्यांनी." गळ गुंडाळत बोलत होता, माझ्याकडे न बघता. बघितलं असतं तरी मी दिसले नसतेच म्हणा. "फाट्यावर तो लाकडी फलाट होता बघ, दुधाचे कॅन ठेवायचा. तिथवर न्यायचे. 'इथे थांब. मागे आलास तर तंगडं मोडीन.' चार-चार तास, तैमी. पाय बधिर व्हायचे म्हणून फलाटाभोवती स्कीवर घिरट्या घालायचो. परत येताना दोन मासे माझ्या हातात द्यायचे. आईला दाखवायला."

"मग न्यायचेच कशाला तुला?"

"एकटा माणूस निघाला की लोक माग काढत जातात. पोर बरोबर असलं की कुणी बघत नाही."

"आणि तू आजवर तोंड उघडलं नाहीस?"

"काय सांगू? तू दारात उभी राहून बघायचीस... माझ्याकडे तसं पुन्हा कुणी कधी बघितलं नाही."

मी थर्मासमधली कॉफी बर्फावर ओतली. त्याच्या पेल्यातलीही. येताना गाडीत एक शब्द नाही. दारात उतरताना म्हणाला, "मला वाटलं, एखादं साधं तळं निवडशील. दोन मासे धरू, झालं." मी गाडी वळवली.

३ मार्च

साठ वर्षं ज्याच्यावर जळले, त्याच्याजवळ काही नव्हतंच. आता जळायचं कुणावर?

५ मार्च

सुरीला धार लावत होते आणि सुरी हातातच राहिली.

काळे मासे!

दलदलीच्या पाण्यात पर्च काळा पडतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. स्वच्छ पाण्यातला फिकट, बाजारातल्यासारखा. बाबांचे मासे काळेकुट्ट होते. ऑस्मोला कुठून कळणार? चुलीपाशी बसून त्याला दोनच मासे माहीत. शेकड्यांनी साफ केले ते मी!

आणि बाबा! पाहुण्यांना सढळ हातानं तळी सुचवायचे. कोइवुयार्वीला जा, रिस्तियार्वीला जा, काय मासा आहे! शिव्या फक्त एकाच तळ्याला. रिकाम्याची तारीफ करायची, भरलेल्याला नावं ठेवायची — सगळा गाव हेच करतो, मीही करते. तरी माझ्या बापाचं बोलणं मी खरं धरून चालले. फाट्यापासून सुओलम्पी, स्कीवर पंधरा मिनिटं.

तीस वर्षं टपालाची पिशवी घेऊन मी त्याच्यावरून गेले.

८ मार्च, शनिवार

एकटी गेले. टोचे, गिरमिट, स्टूल. भोकातून काळं पाणी वर आलं. दुसऱ्याच भोकात ओढ लागली.

अकरा. काळेकुट्ट.

आनंद होईल असं वाटलं होतं. राग आला. बाबा, हे तळं तुम्ही मला दिलं नाहीत. तुमच्या माशांच्या आतड्यांतून ते मी काढलं. फलाटावर गारठलेल्या त्या पोराची कीव आली आणि त्याचाही राग आला. निदान त्याला फलाट तरी मिळाला.

९ मार्च, रविवार

ऑस्मोचा फोन. माफीबिफी नाही. "काल बर्फावर गेली होतीस म्हणे. काही लागलं का?"

"छे. नुसतं पाणी."

बाबांचे शब्द तोंडातून गेले आणि मग मला ऐकू आले. पलीकडून अगदी हळू विचारलं त्यानं, "मोठे होते का गं?"

मी फोन ठेवला. मासे टेबलावर आहेत. साफ करायला बसते.