मुलगा चुकत नाही

४ जानेवारी, शनिवार

सराव परीक्षेचा निकाल. शंभर प्रश्नांपैकी चिरंजीवांनी सोडवले छत्तीस. छत्तीसच्या छत्तीस बरोबर! बाकी सगळे कोरे!

क्लासच्या सरांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं कौतुक करायला, म्हणून चांगला ड्रेस घालून गेले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा चुकत नाही. हीच अडचण आहे."

वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. 'चुकत नाही' ही तक्रार आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, "पण चुकलं की मार्क कापतात ना?" तर म्हणे, "एक कापतात. बरोबर आलं तर चार देतात. दोन पर्याय चुकीचे आहेत हे कळलं, की उरलेल्या दोनातला एक ठोकून द्यायचा."

ठोकून द्यायचा! गाडी शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवतात! पण मान डोलावून आले.

घरी त्याला विचारलं, का सोडलेस रे एवढे? तर म्हणे, "खात्री नव्हती." शंका आली की थांबायचं, हे मीच त्याला शिकवलं. चालायला लागला तेव्हापासून.

५ जानेवारी, रविवार

नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल. ही प्रवेश परीक्षा दोनदाच देता येते. गेल्या वर्षी थोडक्यात गेली. आता एप्रिलमध्ये शेवटची. त्याला जहाजबांधणी शिकायचीय. ते कॉलेज समुद्राकाठी, इथून आगगाडीने नऊ तास. मुलाला पोहता येत नाही, पण जहाजं बांधणार! मी म्हटलं, आपल्या गावातल्या कॉलेजात यंत्रांचा कोर्स आहे की, घरचं जेवून शिकशील. त्यावर त्याने नुसतं "हं" केलं. त्याचं 'हं' म्हणजे 'नाही', हे मला कळतं. पण मी ते 'बघू' असं धरून चालते.

यावेळी नाही जमलं तर काय, हे घरात कोणी बोलत नाही. हे सुद्धा नाही, आणि ह्यांना तर कुठे काय बोलू नये ते कधीच कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या पेन्शनर काकांनी आज गाडी कुत्र्यासाठी थांबवली. म्हणजे मी थांबवली. काकांनी कुत्र्याला हात जोडले.

१९ जानेवारी, रविवार

ठरलं! दर रविवारी घरी सराव परीक्षा. जेवणाच्या टेबलावर, अगदी परीक्षेसारखी. घड्याळ समोर, पाण्याची बाटली उजवीकडे, पर्यवेक्षक मी. समोरच्या खुर्चीत बसून राहायचं, बोलायचं नाही.

सुरुवातीला झ्याक चाललं होतं. पेन्सिल भराभर गोळे काळे करत होती. मग मंदावली. एकेका गोळ्यावर येऊन थांबायची, घुटमळायची आणि पुढच्या प्रश्नावर जायची. माझा जीव नुसता टांगणीला. मला तर प्रश्नसुद्धा वाचता येत नव्हते. उलटे दिसतात, आणि सुलटे असते तरी काय दिवे लावणार होते!

शेवटी मोजले तर चाळीस सोडवलेले. सगळे बरोबर. आज पहिल्यांदाच 'सगळे बरोबर' ऐकून रडू आलं.

२ फेब्रुवारी, रविवार

अडतीस. सगळे बरोबर. मागे चाललोय.

नणंदबाईंचा फोन. त्यांची मुलगी गेल्या वर्षी पहिल्या फटक्यात लागली. "वहिनी, टेन्शन घेऊ नका हं," म्हणाल्या आणि मग अर्धा तास टेन्शन देत राहिल्या. त्यांच्या मुलीने म्हणे दीड महिना मोबाईल कपाटात बंद करून ठेवला होता. आमच्याकडे मोबाईल ह्यांचाच बंद करावा लागेल. मुलाचा अभ्यास चालू असताना हे शेजारी बसून मासेमारीचे व्हिडिओ बघतात आणि मासा सुटला की "अरेरे" करतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अंगाचा तिळपापड झालाय. काका लायसन्सच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास!

गेले आठ महिने शिकवतेय त्यांना. वळण घेतात, आरसे बघतात, गिअर असे टाकतात की लोण्यात सुरी. आणि तपासणीसाने शेरा काय मारला? ब्रेक मारता येत नाही! मी तरातरा आत गेले. म्हटलं, "साहेब, आठ महिन्यांत या माणसाने कुणाला साधं खरचटवलेलं नाही!" तपासणीस चहा पीत होते. कप खाली न ठेवताच म्हणाले, "बाई, सिग्नल लाल झाला तरी हे पाय हलवत नाहीत. नुसते तुमच्या सीटकडे बघतात. आठ महिने ब्रेक कोण मारत होतं?"

शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. असतोच. त्यासाठीच असतो! पण आले तशीच बाहेर. काका बिचारे बाकावर बसले होते. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही असलात की मला पायाची आठवणच राहत नाही." त्यांना ही माझी स्तुती वाटत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटतेय. पण इथे नाही तर कुठे लिहू?

सराव परीक्षा चालू होती. मी समोर. हे शेजारच्या टेबलावर कवळी करत होते. कवळ्यांच्या कारखान्यात काम साठलं की ह्यांचं दातांचं काम घरी येतं. एक दाढ घरंगळली आणि आमच्या टेबलाखाली गेली. हे रांगत तिच्या मागे. बराच वेळ बाहेर येईनात. मला वाटलं दाढ सापडत नाही. तर खालूनच आवाज आला, "अगं, तू ब्रेक मारतेयस!"

"कसला ब्रेक? बाहेर या आधी!"

"पेन्सिल थांबली की तुझा उजवा पाय धाडकन खाली येतो. आणि तो आला की हा प्रश्न सोडतो. मी पाच वेळा बघितलं. तू दाबतेस, हा सोडतो!"

मी मुलाकडे बघितलं. तो लाल झाला. म्हणाला, "मला वाटायचं, तुला काहीतरी दिसलं असेल."

"मला? अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"पण तू उगाच दाबणार नाहीस ना, आई."

हे टेबलाखाली हसत सुटले. इतके हसले की डोकं वर आपटलं आणि पाण्याची बाटली पडून अख्खी उत्तरपत्रिका भिजली. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, जरा जास्तच वेळ. काका आणि माझा मुलगा, दोघांचं दुखणं एकच. आणि ते दुखणं म्हणजे माझा उजवा पाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रविवारी मी स्वयंपाकघरात बसायचं. एकमताने ठराव. माझं मत विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बसले स्वयंपाकघरात. मांडी घालून, स्टुलावर, दोन्ही पाय वर. तिकडे पूर्ण शांतता. बटाटे सोलले. आणखी बटाटे सोलले. नको तेवढे बटाटे सोलले.

निकाल: शंभरच्या शंभर प्रश्न सोडवले! मी आनंदाने उडालेच. मग तपासले. साठ चुकलेले! मुलगा मोकाट सुटलाय!

सरांना फोन केला. म्हणाले, "उत्तम! आता चुकायला शिकला. आता कुठे चुकायचं ते शिकेल." सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय का, अशी शंका आली. पण फी भरून झालीय.

तीन दिवस बटाट्याचीच भाजी.

४ मार्च, मंगळवार

आज मनाशी पक्कं केलं: काकांच्या गाडीत पाय सीटखाली दुमडून बसायचं. काहीही होवो. काकांना मोकळ्या मैदानात नेलं आणि सांगितलं, "काका, आजपासून मी नाही. तुम्हीच."

"नाही म्हणजे? बसलाय की, मॅडम."

"बसलेय, पण नाही."

कोपऱ्यात कचऱ्याचा मोठा डबा होता. सरळ समोर, हत्तीएवढा. काका त्याच्याकडे निघाले. मला वाटलं, आता दाबतील. काका माझ्याकडे बघतायत. मी डब्याकडे बघतेय. माझा पाय सीटखाली नुसता तडफडतोय. ओठ चावला. काकाऽऽ! म्हणेपर्यंत धडाम! डबा आडवा, पुढचा दिवा फुटला, बॉनेटवर केळ्यांची सालं.

काकांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे असं बघितलं, जणू तो आजच मिळालाय. "मॅडम, माझाच आहे की हा!" दुसऱ्या फेरीला डब्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबवली. स्वतः! आम्ही दोघांनी गाडीत बसून टाळ्या वाजवल्या.

दिव्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

१६ मार्च, रविवार

सत्तर सोडवले, अकरा चुकले. त्याने स्वतः येऊन सांगितलं. चुकलेले अकरा असे खुशीत दाखवत होता, जणू मासे पकडून आणलेत. ह्यांनाही फार आवडलं.

मी विचारलं, "ठोकायचं की सोडायचं, हे कसं ठरवतोस?" म्हणाला, "सांगता येत नाही. आधी पाय ऐकायचो, आता स्वतःचंच काहीतरी ऐकतो." बरं म्हटलं. पण काहीतरी टोचलं, खोटं कशाला लिहू?

५ एप्रिल, शनिवार

उद्या. पेन्सिली तीन, खोडरबर, ओळखपत्र. ह्यांनी पेन्सिलींना कवळीच्या मशीनवर टोकं काढली. सुईसारखी झालीत. दोन मोडली.

६ एप्रिल, रविवार

त्याला फाटकापर्यंत सोडलं. मागे वळून बघितलं नाही त्याने. बरंच झालं, माझा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

बाहेर पालकांची जत्रा. एक बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. जवळ गेल्यावर कळलं, रसायनशास्त्राची सूत्रं म्हणतायत! एक गृहस्थ भिंतीला कान लावून उभे. मी विचारलं, काय ऐकू येतंय? म्हणाले, "काही नाही. पण तसं बरं वाटतं." मग मीही थोडा वेळ लावला. खरंच बरं वाटतं.

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न माझ्या जिभेवर होता: किती सोडवलेस? गिळला. विचारलं, "भूक लागली?" तो थबकलाच. म्हणाला, "आई, बरी आहेस ना?"

२२ एप्रिल, मंगळवार

काका पास! तपासणीसांसमोर तीनदा ब्रेक मारला. त्यातला एक उगाचच होता, हौस म्हणून. पेढा मिळालेल्या पोरासारखे खूश होते. मला पेन भेट दिलं. त्याच पेनने लिहितेय. शाई फार सांडतंय.

८ मे, गुरुवार

निकाल!! पास, आणि असातसा नाही! पहिल्या यादीत नाव! हे कवळी हातात घेऊनच शेजाऱ्यांकडे सांगायला पळाले. शेजारच्या आजी घाबरल्या. नणंदबाईंना मी स्वतः फोन केला. "टेन्शन घेऊ नका हं," म्हटलं.

जहाजबांधणीची जागा लागलीय. समुद्राकाठची.

१२ मे, सोमवार

आता हा नवा घोळ. गावातल्या कॉलेजात तो प्रतीक्षा यादीत आहे, अगदी वर. सर म्हणतात, दुसऱ्या यादीत नक्की लागेल. पण जहाजाची जागा दोन-तीन दिवसांत पक्की करावी लागते. गुरुवार संध्याकाळ ही शेवटची वेळ. नाही केली तर गेली. आणि ती पक्की केली तर गावातली यादी बंद.

हे म्हणाले, "त्याला विचार." मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही. तोही काही बोलत नाही. दोघंही एकमेकांना वाढतोय आणि जेवतोय.

१४ मे, बुधवार

विचार पक्का झाला. वसतिगृहातलं जेवण, समुद्राची दमट हवा, त्याची सर्दी, पोहता न येणं: कारणं भरपूर आहेत. आणि खरं कारण एकच आहे. तो गेला की संध्याकाळी दार वाजलं तर कोण आलं असेल, हे मला आधीच माहीत असेल. ह्यांच्याशिवाय दुसरं कोणी येणारच नाही.

पण त्याला असं नाही सांगायचं. उद्या सकाळी शांतपणे बसवून सांगेन, अगदी समजूतदारपणे: जाऊ नकोस असं कोण म्हणतंय? फक्त थोडं थांब. दुसरी यादी येऊ दे, मग बघू. बाथरूममध्ये दोनदा म्हणून बघितलं. चांगलं वाटतं. जबरदस्ती केल्यासारखं मुळीच वाटत नाही.

१५ मे, गुरुवार

चहा ओतत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आई, जहाजाची जागा पक्की केली. काल दुपारीच."

"अरे, मला विचारायचंस तरी! मी काय नाही म्हटलं असतं?"

"नाही नसतं म्हटलंस. थोडं थांब म्हटलं असतंस."

म्हटलं असतं.