मनूचा कॉन्फिडन्स, माझ्या देखरेखीखाली

२ ऑगस्ट, शनिवार, संध्या. ७

मनूला शीवला तिच्या आईकडे, म्हणजे दर्शनाकडे, सोडून आलो. घटस्फोटाला वर्ष झालं. निरीक्षण: पोरीचा कॉन्फिडन्स पार गेलाय. नऊ वर्षांची मुलगी, दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलली. तीही मी पाणी पीत असताना. १२ सप्टेंबरला कोर्टात जज मॅडम तिला एकटीला आत बोलावून विचारणार, कुणाकडे राहायचंय. इतकी मुकी पोर 'बाबाकडे' म्हणणार कशी? आजपासून मोहीम. ताबा मिळाल्यातच जमा.

३ ऑगस्ट

दादरहून बालमानसशास्त्राचं पुस्तक आणलं. पान बारा: मुलांचं ऐकून घ्या. हे मला आधीच येतं. पान सोडलं.

९ ऑगस्ट, शनिवार

मनूला आत्मविश्वासावर दीड तास समजावलं. मधे तिने दोनदा हात वर केला. शिस्तीची आहे. प्रश्न शेवटी घेऊ म्हटलं. शेवट यायच्या आत तिला सोडायची वेळ झाली.

आमच्या मातोश्री जाईबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मेल्या, तिका जरा बोलाक दी." आईला मॉडर्न पेरेंटिंग कळत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आमच्या गणपती मंडळाच्या स्टेजवर मनूचं भाषण ठेवलं. निवेदक अर्थात मीच. करी रोडला माईक दुसऱ्या कुणाला शोभत नाही. तिची ओळख करून दिली. जन्मापासून सुरुवात केल्यामुळे जरा लांबलं. मनू 'नमस्कार' म्हणाली आणि आरतीची वेळ झाली. पण 'नमस्कार' खणखणीत होता. प्रगती उघड आहे.

खाली उतरल्यावर म्हणाली, बाबा, मला एक सांगायचंय. मी म्हटलं, बाळा, बाबाला थँक यू म्हणायचं नसतं.

७ सप्टेंबर

मनूसाठी पोटमाळ्यावर टेबल, दिवा, गुलाबी पडदा. तिला विचारलं नाही. सरप्राईज.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी ४

मॅडमनी मनूला आत घेतलं. दहा मिनिटं लागतील, असं शिपाई म्हणाला होता. पन्नास झाली. आतून हसण्याचे आवाज. मी दर्शनाला म्हटलं, बघ, सहा आठवड्यांची मेहनत.

मग आम्हा दोघांना बोलावलं. मनू खुर्चीत ताठ बसली होती. म्हणाली, मी आईकडे राहणार, शनिवार-रविवार बाबाकडे. बाबा मला खूप आवडतो, पण त्याच्याकडे माझं काही सांगायचं राहूनच जातं. एका दमात, कुठेही न अडखळता.

मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय?

मुद्दे पाठ होते. उभा राहिलो. तोंड उघडलं. आवाजच फुटेना. सगळे थांबले. मी तसाच.

शेवटी मनू उठली, माझा हात धरला आणि मॅडमना म्हणाली, बाबा घाबरलाय, त्याला बसू द्या ना.

बसलो.